पुरुषाला 'माउली' का म्हणतात?

प्रश्न :
वारीत मिशाळ, धिप्पाड गडीसुद्धा एकमेकांना 'माउली' म्हणून हाक मारतात, वयानं लहान असलेल्याच्याही पाया पडतात. एरवी 'बायल्या' ही शिवी असलेल्या गावांतलेच हे लोक. हे जमतं कसं? आणि 'माउली निघाली' म्हणायचं की 'निघाले'?

प्रतिसाद :
शब्दाचा अर्थ आई, दुसरा काही नाही. पण सुरुवात माणसापासून नाही, देवापासून झाली. नामदेव पांडुरंगाला 'तू माझी माउली, मी वो तुझा तान्हा' म्हणतात आणि प्रेमपान्हा मागतात. आरतीतली हाक बघा : 'येई हो विठ्ठले माझे माउली ये'. हे 'विठ्ठले' राधे, सीते यांच्या चालीवरचं. म्हणजे देव व्याकरणातसुद्धा बाई झाला! जनाबाईंचा विठो तर लेकुरवाळा. पुढे ज्ञानदेव 'माउली' झाले. १२९६ साली समाधी घेतली तेव्हा जेमतेम २१ वर्षांचे, लग्न न केलेले. मग वारकरी समोरच्या वारकऱ्यालाही त्याच नावानं हाक मारू लागला.

म्हणून संप्रदायानं मर्दपणा मोडीत काढला असं समजू नका. तुकोबांचे पाइकीचे अभंग वाचा, शिपाईगिरीची भाषा आहे. 'मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास' म्हणून झालं की लगेच 'कठिण वज्रास भेदूं ऐसे'. तालमीतल्या मारुतीपुढे लंगोट कसून जोर मारणारा गडी आषाढात दिंडीत फुगडी घालतो, आणि त्याला कुणी हसत नाही. तालमीत घातली असती तर? माझ्या मते 'माउली' हा शब्द गड्याला मऊ व्हायची सवड देतो.

उपप्रतिसाद :
सवड गड्यालाच, बरं का. बहुतेक दिंड्यांत वीणा नि पखवाज पुरुषांकडे, डोक्यावर तुळस बाईच्या. संत बहिणाबाईंनी १७व्या शतकात 'स्त्रियेचें शरीर पराधीन देह' लिहून ठेवलंय. हरिकथेच्या ओढीपायी नवऱ्याचा मार खाल्ल्याचंही त्यांच्याच अभंगांत आहे. वाटेत परक्या बाईला 'माउली' म्हणणारा घरी आल्यावर बायकोला 'ए, पाणी आण' म्हणतोच ना?

प्रतिसाद :
म्हणतो. दिंडीतली भाषा उंबऱ्याच्या आत फारशी आली नाही, हे खरंच. फक्त एक : दिंडीत ही हाक बाईलाही तितकीच लागू आहे. 'माउली, जरा पुढं सरका' यात समोर बाई की बाप्या ते कळत नाही.

आता क्रियापदाचं. ज्ञानदेवांविषयी बोलताना 'माउली म्हणतात', 'माउली निघाले', म्हणजे आदरार्थी अनेकवचन, पुल्लिंगी. विठ्ठल आई झाला की मात्र 'विठाई माउली धावून आली'. 'माउलींची पालखी निघाली' यातली 'निघाली' पालखीची, तिथे गफलत नको. आणि लिहिताना उ ऱ्हस्व. पाट्यांवर, बॅनरवर सर्रास 'माऊली' दिसतं, पण नियमानं 'माउली'च.