मदत हवी आहे: विंडोज 10 वरून 11 ला नुसतं अपग्रेड करू, की फॉरमॅट मारून नवीन टाकू?

राम राम मंडळी. उदगीरला माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. एकच मशीन, त्यावरच घर चालतं. 2019 ला असेंबल केलेलं: आय3 नववी जनरेशन, 8 जीबी रॅम, सी ला 240 जीबी एसएसडी, डी ला 1 टीबी हार्ड डिस्क. विंडोज 10 ओरिजिनल आहे. त्याचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. लोक माझ्याकडे आधार, पासबुक, सातबारा घेऊन येतात. त्यांचे कागद अशा मशीनवर उघडायला मन धजत नाही.

अपग्रेड केलं तर प्रोग्रॅम आणि फाइली जागेवर राहतात, हे माहीत आहे. पण मशीन लईच सुस्त झालंय. सकाळी बटण दाबून दुकान झाडून होतं तरी डेस्कटॉप येत नाही. हा सगळा गाळ तसाच 11 मध्ये जाईल ना?

आणि फॉरमॅटची मला धास्ती आहे. तीन वर्षांपूर्वी एका दुरुस्तीवाल्यानं "डी ला हात लावत नाही" म्हणून सी फॉरमॅट केला. माझ्या लग्नपत्रिकांचे साचे डेस्कटॉपवर होते, म्हणजे सी वरच. ते गेले. डी वरच्या जुन्या पत्रिका उघडल्या, तर गणपतीखालच्या 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी, कारण श्रीलिपी या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरचे फाँटही सी सोबत गेले होते. ऐन लग्नसराईत चार दिवस दुकान बंद राहिलं.

आता मशीनला 11 चालेल का ते तपासणारं पीसी हेल्थ चेक सेक्युअर बूटवर (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) अडतंय. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ची डिस्क एमबीआर, म्हणजे जुन्या मांडणीची, दिसते. काय करू? खरिपाच्या पीक विम्याची गर्दी सुरू व्हायच्या आत उरकायचंय.

प्रतिसाद 1
अपग्रेडच करा. एमबीआरची जीपीटी (सेक्युअर बूटला लागणारी नवी मांडणी) करायला विंडोजमध्येच एमबीआर2जीपीटी आहे, डेटा न पुसता होतं. पटलं नाही तर 10 दिवसांत परत 10 वर जाता येतं. फक्त मधे लाइट जाऊ देऊ नका.

प्रतिसाद 2
दादा, तुमचं मशीन इतकं सुस्त असेल तर मी अपग्रेड करणार नाही. पण जुनी एसएसडी पुसणारही नाही. नवीन एसएसडी घ्या, जुनी काढून कपाटात ठेवा. डी ची केबलसुद्धा इन्स्टॉल होईपर्यंत काढा, म्हणजे चुकून भलतीच डिस्क निवडली जाणार नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीनं सुरू व्हायची सोय, बंद, इंटेल पीटीटी चालू (हेच तुमचं टीपीएम 2.0, 11 ला लागणारी सुरक्षेची सोय), मग सेक्युअर बूट चालू. कोऱ्या डिस्कवर सेटअप स्वतःच जीपीटी करतो, एमबीआरची भानगडच राहत नाही. लायसन्स मदरबोर्डला बांधलेलं असतं. प्रॉडक्ट की मागितली तर 'प्रॉडक्ट की नाही' म्हणा आणि आधीचीच एडिशन, होम की प्रो, ती निवडा.

काही बिनसलं तर जुनी एसएसडी लावून सीएसएम चालू करा, दुकान पुन्हा सुरू.

त्याआधी तीन गोष्टी पेनड्राइव्हवर घ्या: विंडोजमधलं फाँट्स फोल्डर, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स, आणि श्रीलिपीच्या डोंगलचा (सॉफ्टवेअर चालायला यूएसबीत लावायच्या कुलपाचा) 11 ला चालणारा ड्रायव्हर. ड्रायव्हर आधी मागवाच. 11 नव्यानं टाकलं की मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सेटिंग बहुधा चालू असते, ती फार जुने ड्रायव्हर अडवते.

धागाकर्ता
लातूरहून 500 जीबी एसएसडी आणली, रविवारी बसलो. लायसन्स नेट लावताच आपोआप आलं. फाँट टाकून पहिल्यांदा जुनी पत्रिका उघडली: 'श्री गणेशाय नमः' अगदी जागच्या जागी. बायकोला हाक मारून दाखवलं. जुनी एसएसडी कपाटात आहे, नाव लिहून. प्रिंटर तेवढा अजून बोलत नाही, त्याचा ड्रायव्हर शोधतोय. दोघांचे मनापासून आभार.