घरफाळा भरायला खिडकी आहे, मग गरजूंसाठी का नको?

पेठेतला भावा:
आमच्या गल्लीत एक मावशी धुणीभांडी करतात. नवरा वारला, दोन पोरं शाळेत. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1500 मिळतात एवढंच कुणीतरी सांगितलं, म्हणून त्या थेट कोल्हापूर महापालिकेत गेल्या. योजना राज्य सरकारची, अर्ज तहसीलला, उत्पन्नाचा दाखलाही तिथलाच. महापालिकेचा फक्त नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला.

आता बघा, घरातला कर्ता माणूस गेला हे शासनात पहिल्यांदा कुणाला कळतं? महापालिकेलाच. नोंद करायला आलेल्या बाईला तिथंच कुणी का सांगू नये, की तुम्हाला ही योजना लागू होईल, हे कागद लागतील? गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट अशी चार विभागीय कार्यालयं आहेत. प्रत्येकात एक खिडकी. पैसे महापालिकेनं द्यायचे नाहीत, अर्ज भरून तहसीलला पोचवायचा आणि पुढं काय झालं ते कळवायचं. बस्स.

रिटायर्ड क्लार्क:
कल्पना गोड आहे, पण 1949 च्या महापालिका अधिनियमात कलम 63 मधली कामं बंधनकारक आणि 66 मधली ऐच्छिक. पाणी, गटार, दिवाबत्ती, स्मशान ही बंधनकारक. काळम्मावाडी धरणातनं पाण्याची थेट पाइपलाइन आली तरी टँकरसाठी फोन करावा लागतो, आणि तुम्ही दुसऱ्याच्या खात्याचं काम अंगावर घ्यायला सांगताय? अर्ज अडकला तर शिव्या महापालिकेला. तहसीलदार नामानिराळे.

बावडेकर:
क्लार्कसाहेब, स्मशानाचं नाव काढलंत म्हणून बोलतो. स्मशानभूमी ठेवणं बंधनकारक असेल, पण अंत्यसंस्कार फुकट करणं कुठल्या कलमात आहे? आपल्याकडं पंचगंगा घाटावर होतात. म्हणजे मनात आलं की महापालिकेला करता येतंय.

रिटायर्ड क्लार्क:
ते चालतंय कारण होळीला अख्खं शहर चितेसाठी शेणी, म्हणजे गोवऱ्या, दान करतं. तालमी, मंडळं ट्रॉल्या भरून आणून टाकतात. ते श्रेय लोकांचं, ऑफिसचं नव्हे.

बावडेकर:
मग लोकांनी दिलेलं नीट वापरायला ऑफिस लागलंच की!

दुधाळीची सून:
खिडकी काढा, नको कोण म्हणतंय? पण निराधार योजनेची अट वाचली का कुणी? कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21 हजारांच्या आत. म्हणजे महिन्याला 1750. चार घरची भांडी घासणारी बाई त्यात बसते का? खरं सांगितलं तर अपात्र, खोटं सांगितलं तर गुन्हेगार. तुमच्या खिडकीवरचा माणूस तिला काय सल्ला देणार, सांगा.

पेठेतला भावा:
हा मुद्दा बिनतोड आहे. अट मुंबईतनंच बदलायला पाहिजे. पण किती बायका याच अटीवर परत गेल्या याची यादी तरी खिडकीवर तयार होईल. आज ती कुणाकडंच दिसत नाही.

सुतारवाड्याजवळचा:
2019 आणि 2021, दोन्ही महापूर बघितलेत. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी गाठते तेव्हा महापालिकेची माणसं दारात येऊन सांगतात, सामान आवरा, चित्रदुर्ग मठात चला. तिथं जेवण, औषध, सगळं मिळतं, खोटं कशाला बोलू. पण पाणी ओसरलं की आम्हीपण ओसरलो. त्याच घरातली म्हातारी बाकीचं वर्ष कशी जगते हे विचारायला कोण येत नाही. पुराच्या वेळची यादी असतेच ना? मग नवा सर्व्हे कशाला पाहिजे?

रिटायर्ड क्लार्क:
यादी वापरायची म्हणजे जबाबदारी घ्यायची, आणि जबाबदारी ठरवणार कोण? 2020 च्या नोव्हेंबरपासून पाच वर्षं निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासकांचा कारभार. आधी स्वतःचं करा. दिव्यांगांसाठी उत्पन्नातले 5 टक्के राखून ठेवायचे असतात, ते कुठं आणि कुणावर खर्च झाले ते प्रत्येक विभागीय कार्यालयाच्या भिंतीवर लावा. ते जमलं तर तुमच्या खिडकीला माझा विरोध नाही. आणि हो, तिथं बसणार कोण? ठेक्यावरचा पोरगा? तीन महिन्यांनी तो जाणार, नवा येणार, मावशी परत पहिल्यापासून.

दुधाळीची सून:
बचत गटातल्या बायका बसवा, पगार देऊन. वस्तीत कुणाची चूल पेटली नाही ते त्यांना सांगावं लागत नाही. मात्र सेवा म्हणून फुकट राबवायचा विचार असेल, तर आत्ताच नको म्हणून ठेवते.