मदत हवी आहे: जुन्या जिप्सीची मागची बाजू बसली, नाक वर. ठोकळे टाकू की कमानीचा पाटा (स्प्रिंगची पट्टी) वाढवू?

वावरातला:
नमस्कार मंडळी. चिमूर तालुक्यात राहतो, कापूस-सोयाबीन करतो. माझ्याकडं २००५ ची जिप्सी किंग आहे, ताडपत्रीच्या हूडची. आधी ती ताडोब्यात सफारीला चालायची. चार वर्षांआधी मी घेतली, पासिंग करून घेतलं, आणि तेव्हापासून वावरात, पांदणीनं, बाजाराला तीच चालते.

अडचण अशी की गाडी बाजूनं पाहिली तर बसलेल्या म्हशीसारखी दिसते. मागून खाली, पुढून नाक वर. रात्री वरोरा रोडनं आलो तर समोरून येणारी प्रत्येक एसटी डिपर मारते. मी लाइट खालीच ठेवलेला असतो हो, पण गाडीचं नाकच वर, तर लाइट झाडावर पडणार नाही तर काय. फवारणीच्या दिवसांत मागं २०० लिटरचा पाण्याचा ड्रम असतो. तेव्हा तर खड्ड्यात मागचा एक्सल बंपस्टॉपला (चेसिसखालच्या अडवणाऱ्या रबराला) ठोकतो.

तीन जणांनी तीन उपाय सांगून ठेवले. गावचा मेकॅनिक म्हणते मागं एक्सल अन् पाट्याच्या मधात दोन इंची लोखंडी ठोकळे टाकू, हजारात काम. वरोऱ्याचा कमानीवाला म्हणते एक-एक पाटा वाढवा. साळा म्हणते लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) लावा, त्यानं व्हिडिओत पाहिलं. मी शॉकॲब्झॉर्बर आधीच बदलले, नवे चारही. काही फरक नाही पडला, पैसे गेले.

बाकी गाडी ठीक. क्लच सोडताना मागून 'खट' आवाज येते, पण तो जुनाच आहे.

डिझेलभाऊ:
शॉकॲब्झॉर्बरनं उंची वाढत नसते दादा. वजन पाटे उचलतात, शॉकॲब्झॉर्बर फक्त उसळी थांबवतो. ते पैसे गेले असं समजू नका, खड्ड्यात कामी येतीलच. पाटा वाढवून टाका, सरळ इलाज.

कमान_कारागीर:
थांबा. कोणीच काही वाढवू नका अजून. आधी मोजमाप द्या.

सपाट जागा पाहा. ग्रामपंचायतीसमोरचं काँक्रीट, देवळाचा ओटा, गोडाऊन, काहीही चालेल, वावरातली जागा नाही. ड्रम, पोती, अवजारं सगळं उतरवा. गाडी दहा-पंधरा फूट पुढं-मागं घ्या, चारही कोपरे हातानं दाबून सोडा म्हणजे पाटे आपल्या जागी बसतील. मग प्रत्येक चाकाच्या मधोमध, हबपासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण एका टायरात हवा कमी असली की सगळा हिशोब चुकतो. चार आकडे पाहिजेत.

आणि हो, पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर आहे. दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत. तुमच्या त्या जुन्या 'खट'साठी सांगतो आहे हे.

ठोकळ्याबद्दल एकच सांगतो: गाडीखाली वाकून पाहा, पाटे एक्सलच्या वर आहेत की खाली.

वावरातला:
काका, तुमचं ऐकून सोसायटीच्या गोडाऊनमध्ये लावली. पोरगं टेप धरायला होतं.

पुढं डावीकडं ४४, उजवीकडं ४३.५. मागं डावीकडं ४०.५, उजवीकडं ३८.५. सेंटिमीटरमध्ये.

हब ते हब डावीकडं २३७.५ बरोबर. उजवीकडं २३६.३. दोनदा मोजलं, तेवढंच येते.

अन् पाटे एक्सलच्या खाली आहेत. त्यानं काय होते?

कमान_कारागीर:
त्यानं असं होते की तुमचा मेकॅनिक गाडी उचलायला जाऊन अजून दोन इंच खाली बसवणार होता.

ट्रकचे आणि मालवाहू पिकअपचे मागचे पाटे एक्सलच्या वरून जातात. तिथं मधात ठोकळा टाकला की पाटा वर जातो, पाट्यासोबत चेसिस वर जाते. जिप्सीत उलटं आहे. एक्सल वर, पाटा त्याच्या खाली लटकलेला. मधात ठोकळा टाकला तर पाटा एक्सलपासून आणखी खाली जाईल आणि गाडी त्याच्यासोबत खाली. माणूस वाईट नसेल, रोज पिकअपच हातात येत असेल त्याच्या.

आता आकडे. मागं डावं-उजवं दोन सेंटिमीटरचा फरक आणि उजवा एक्सल सव्वा सेंटिमीटर पुढं सरकलेला. निव्वळ थकलेले पाटे असे एका बाजूनं बसत नाहीत. उजव्या बाजूला काहीतरी तुटलेलं आहे. सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध जोडणारा) किंवा पाटा, नाहीतर दोन्ही. पाट्यांवरची माती खरडून काढा आणि पाटे एक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टच्या आसपास नीट पाहा. कन्हाराची काळी माती वाळली की सिमेंटसारखी बसते, भेग असली तरी दिसत नाही.

गाडी जॅकवर ठेवून खाली शिरू नका. चेसिसखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा, आणि जॅकखाली जाड फळी. पावसाळ्यानंतरच्या काळ्या जमिनीत जॅक कधी खाली जातो ते कळतही नाही.

संत्रानगरी:
मधातच विचारतो, माफ करा. लांब शॅकल लावल्यानं काय बिघडते? माझ्या जिप्सीला मागच्या मालकानं लावलेत, पुढं-मागं दोन्ही. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग पोहल्यासारखं करते.

कमान_कारागीर:
तेच बिघडते. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असते, म्हणून दोन इंच लांब केलं तर गाडी एकच इंच उचलते, पण पाट्याचं एक टोक खाली ढकललं गेल्यानं एक्सल फिरतो. जिप्सीत पुढचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. ते लांब केलं की कॅस्टर, म्हणजे चाक वळतं त्या अक्षाचा मागचा झुकाव, कमी होतो. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपसूक सरळ येत नाही, सरळ रस्त्यावर गाडी भटकते. मागं लावलं तर मागचा एक्सल फिरवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (सांध्याचा) कोन बदलतो, तिथून थरथर सुरू. पुढचे आधी काढा.

वावरातला:
सापडलं! अर्धा दिवस गेला. पोराच्या मायनं जुना उलथना दिला होता, त्यानं खरडलं. उजवीकडचा मागचा दुसरा पाटा यू-बोल्टच्या आतच तुटलेला, सेंटर बोल्टच्या भोकातून आडवा. दोन तुकडे एकमेकांवर घासून चकचकीत झाले होते. सेंटर बोल्टचं डोकं उडालेलं. उजव्या बाजूचे दोन यू-बोल्ट हातानं हलले. हातानं, पान्याशिवाय. मी चार वर्षं हे घेऊन लेकराबाळांसकट फिरलो.

अन् दुसरं. पुढं पाहिलं तर दोन्ही बाजूंना खालचा एक पाटा वेगळाच आहे. बाकीच्यांपेक्षा जाड, टोकं कटरनं कापल्यासारखी. हा कंपनीचा आहे का?

कमान_कारागीर:
नाही. तुमच्या गाडीच्या पुढं कधी लोखंडी बंपर होतं का?

वावरातला:
होतं! जाड पाइपचं, दोन माणसांनी उचलावं लागे असं. सफारीवाल्यानं लावलं होतं. २०१७ च्या शेवटी सरकारनं क्रॅश गार्डवर बंदीचं पत्र काढलं होतं ना, म्हणून पासिंगच्या आधी मीच काढून भंगारात घातलं.

कमान_कारागीर:
मग कोडं सुटलं. त्यानं बंपरचं वजन पेलायला पुढं पाटा वाढवला. तुम्ही बंपर काढलं, पाटा तिथंच राहिला, नाक वर आलं. मागं अनेक वर्षं सहा-सहा पर्यटक बसले, ते पाटे थकले. त्यात उजवा तुटला. तुम्ही मागं पाहत होता, अर्धा दोष पुढं होता. नुसता मागं पाटा वाढवला असता तर गाडी चारही बाजूंनी दगड झाली असती.

आता करा असं. पुढचे जादा पाटे काढा. मागचे दोन्ही बाजूंचे पाटे उतरवा, एकच बाजू करू नका. नवा सेट मिळाला तर उत्तम. जुनेच करायचे असतील तर तुटलेला पाटा बदला आणि बाकीच्यांना कमान भट्टीत मारून घ्या. तापवून, तेलात विझवून, नंतर परत टेंपर, म्हणजे थोडं तापवून ठिसूळपणा काढणं. थंड्यातच घण घालून वाकवलेले पाटे ड्रमच्या वजनाखाली लवकरच परत सरळ होतात. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग मारतो म्हणणारा भेटला तर तिथून निघून या.

यू-बोल्ट, सेंटर बोल्ट आणि पाट्यांच्या टोकांतले रबरी बुश नवे. बसवताना सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात बरोबर बसलं का ते बोटानं चाचपा. बुशचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. चाकं हवेत असताना आवळले तर रबर पिळलेलं राहते, उंची खोटी दिसते आणि बुश लवकर फाटते. दोनेकशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट परत आवळा. ते ढिले राहिले म्हणूनच पाटा भोकातून तुटला.

डिझेलभाऊ:
अन् पाट्यांना जळकं ऑइल मारत जा, करकर होत नाही.

कमान_कारागीर:
नको. ऑइलवर धूळ बसते, बुशचं रबर फुगते. आमच्या वडिलांनीही आयुष्यभर मारलं, ते सोडा. मारायचंच असेल तर पाटे उघडलेले असताना मधात ग्राफाइट ग्रीसचा पातळ हात द्या.

वावरातला:
तीन आठवड्यांनी लिहून राहिलो, कापूस वेचणीत अडकलो होतो.

नवा सेट नाही घेतला. हिंगणघाटला भट्टीवाला कारागीर भेटला, त्याच्याकडं मागचे पाटे केले. दोन दिवस लागले. पुढचे जादा पाटे काढले. आता पुढं ४१.५ आणि ४१, मागं ४२.५ आणि ४२. हब ते हब दोन्ही बाजू २३७.५. 'खट' गेला. ड्रम भरून पाहिला, मागची बाजू पुढच्याइतकीच येते, बंपस्टॉपला लागत नाही. भिंतीवर पाडून हेडलाइट खाली करून घेतले. काल रात्री वरोऱ्याहून आलो, एकही डिपर नाही.

डावी-उजवी अर्धा सेंटिमीटर फरक अजून आहे. पुन्हा उघडू का?

कमान_कारागीर:
अर्ध्या सेंटिमीटरसाठी पाटे उघडत नाहीत. यू-बोल्ट आवळले का परत?

वावरातला:
आवळले काका. चारही बाजूंना पाव-पाव फेरा गेला. अन् पुढून काढलेले दोन पाटे लोहारानं घरून नेले. एकाचे विळे करतो म्हणते, दुसऱ्याची कुऱ्हाड मला.