'वर्गणी' समानच असते का?

पानगळ
सामायिक भेटवस्तूसाठी पैसे कसे जमवावेत, याच्या सूचना मराठीत आणते आहे. मी 'समान वर्गणी' लिहिलं. तपासणाऱ्यांनी 'समान' खोडलं. वर्गणी म्हटली की सगळ्यांना सारखीच, म्हणून ही द्विरुक्ती, असं त्यांचं म्हणणं. पण पुढच्याच परिच्छेदात ऐपतीप्रमाणे देण्याचा पर्याय आहे. त्याला 'ऐच्छिक वर्गणी' चालेल?

अनुस्वार
तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. मासिकाची वर्गणी, वाचनालयाची वर्गणी: आकडा ठरलेला, सगळ्या वर्गणीदारांना एकच. ऐच्छिक असते ती देणगी.

ओळंबा
मग 'लोकवर्गणी'चं काय? तीत कुणी पाच देतो, कुणी पाचशे, आणि शब्द कुणालाच खटकत नाही. 'देणगी' तर इथे साफ चूक. देणगीदार देऊन मोकळा होतो. वर्गणी देणाऱ्याला वस्तू निवडताना बोलायचा अधिकार असतो आणि उरलेल्या पैशांचा हिशेब मागायचाही.

दशांश
शब्द कुठलाही घ्या, पण 'समान' म्हणजेच 'न्याय्य' असं त्या सूचनांत येऊ देऊ नका. दहा जणांना खासगीत विचारलं, सहज किती देता येतील? उत्तरं आली: 200, 200, 300, 300, 300, 400, 400, 500, 500, 2000. बेरीज 5100, सरासरी 510. सरासरीवर समान वर्गणी लावली तर दहापैकी नऊ जणांना ती झेपणाऱ्या रकमेपेक्षा जास्त पडते. एका मोठ्या आकड्याने सरासरी ओढून नेली. मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, काढला तर 350 येतो, तोही पाच जणांना जड. म्हणून समानच हवी असेल तर सगळ्यात लहान आकडा धरायचा: 200, एकूण 2000. तेवढ्यात भागत नसेल तर ज्याने त्याने आपला आकडा द्यावा, पण वरची मर्यादा 500. जमा 3600. मर्यादा अशासाठी, की एकट्याचेच 2000 आले की वस्तू त्याच्या पसंतीची होते.

सुतावरून
बोलताना सगळे 'काँट्री' म्हणतात. 'काँट्री काढू या' यात समान-असमान काहीच ठरलेलं नाही, म्हणून तोच सोयीचा.

अनुस्वार
तोडक्या इंग्रजीपेक्षा 'अंशदान' घ्या. घडीव आहे, रुळलेला आहे.

ओळंबा
रुळलाय तो पगारपत्रकात. भविष्यनिर्वाह निधीचं अंशदान पगाराच्या टक्क्याने कापून जातं. भेटवस्तूच्या सूचनेत 'आपले अंशदान जमा करावे' वाचलं की माणूस कापल्यासारखाच पैसे देईल. 'वाटा' का नको? 'खारीचा वाटा' यात कमी देणाऱ्याचाही मान राहतो.

सुतावरून
'वाटा' दुतोंडी आहे. वाटा उचलायचाही असतो आणि मिळायचाही. 'प्रत्येकाचा वाटा 300' हे द्यायचे की घ्यायचे?

दशांश
हा घोळ उरलेल्या पैशांच्या वेळी नक्की होतो. वरच्याच हिशेबात 3600 जमा झाले. वस्तूची कमाल किंमत करासकट 3200 धरायची आणि 400 वेष्टन, कार्ड, पोचवणूक यांना राखून ठेवायचे. हे बाजूला न काढल्यामुळे बहुतेक वेळा तूट येते आणि ती पैसे गोळा करणाऱ्याच्या खिशातून जाते. पैसे हातात आल्याशिवाय मागणी नोंदवायची नाही. 500 वाला ऐनवेळी गळला तर वस्तूची मर्यादा 2700 वर आणायची, बाकीच्यांकडे पुन्हा हात पसरायचा नाही.

आता समजा सगळा खर्च 3000 झाला, 600 उरले. प्रत्येकाला 60 परत दिले तर 200 देणाऱ्याला 30 टक्के मिळतात, 500 देणाऱ्याला 12 टक्केच. प्रमाणात द्यायचे तर प्रत्येकाला त्याच्या रकमेचा सहावा भाग: 200 ला 33, 300 ला 50, 400 ला 66, 500 ला 83. पूर्णांकात दिले की 3 उरतात, ते कुठे जाणार हे आधीच लिहून ठेवावं. मराठीत याला नेमका शब्द आहे: दामाशाही.

अनुस्वार
दामाशाही दिवाळखोरीतली. बुडालेल्याची मालमत्ता धनकोंमध्ये वाटायची पद्धत. शुभप्रसंगी हा शब्द काढू नये.

दशांश
पद्धत प्रमाणशीर वाटणीची आहे, दिवाळं हा तिच्या वापराचा एक प्रसंग. शब्दाने काय बिघडवलंय?

सुतावरून
यातला 'दाम' द्रम्म या जुन्या नाण्याच्या नावावरून आलेला, आणि द्रम्म ग्रीक द्राख्मावरून. शुद्ध मराठीचा आग्रह धरताना हेही ध्यानात असू द्या.

अनुस्वार
द्रम्म शिलालेखांत सापडतो. इतका मुरलेला शब्द आणि कालची 'काँट्री' एका पंक्तीत कशी बसेल?

ओळंबा
परतावा समान द्यावा असं माझं ठाम मत आहे. ज्याने ओढून-ताणून 200 दिले त्याला 60 परत मिळाले तर चांगलंच. प्रमाणाचा आग्रह धरला की कुणी किती दिले याची यादी पुन्हा सगळ्यांसमोर येते.

दशांश
यादी एकाकडेच राहावी आणि परतावा ज्याचा त्याला वेगळा कळवावा. कार्डावर नावं वर्णानुक्रमे, रकमा नाहीत. जोडप्याची एक नोंद की दोन, हेही पैसे मागण्याआधी ठरवा. कार्डावर जितक्या सह्या तितक्या नोंदी, हा नियम सहसा वादात पडत नाही.

पानगळ
हे सगळं सूचनांत घालते. पण 'समान' ठेवू की काढू?

ओळंबा
ठेवा.

अनुस्वार
काढा. आणि ऐपतीप्रमाणे असेल तिथे 'यथाशक्ती' लिहा, 'ऐच्छिक' नको. ऐच्छिक म्हणजे न देण्याचीही मुभा.

सुतावरून
मुभा असायलाच हवी ना? सक्तीची असेल तर तिला 'पट्टी' म्हणा. घरपट्टी, पाणीपट्टी यांच्या रांगेतली.

अनुस्वार
पट्टी 'बसवतात', वर्गणी 'काढतात'. क्रियापदं बघा, भेद तिथेच आहे.