क्लिंगॉन अनेकवचन: पू’, डू’, मेय कुठं लावायचं अन् कुठं सोडायचं?

गोदाकाठ (परभणी)

क्लिंगॉन (‘स्टार ट्रेक’मधल्या परग्रहवासीयांसाठी रचलेली भाषा) शिकतोय, खालची चार वाक्यं तपासून द्या. देवनागरीत लिहितोय, ’ म्हणजे घसा क्षणभर बंद करायचा. ड अन् ष आपले आयतेच आहेत, ग़-ख़-क़ घशातून काढायचे.

१. लोष पूक़पू’ – चार लेकरं
२. क़ाममेय – पाय (अनेक)
३. चामेय तिग़ूष! – टॉर्पेडो सोडायच्या तयारीत ठेव!
४. पूक़पू’ लूलेग़ याषपू’ – अधिकारी लेकरांना पाहतात

आणखी एक. एकाच वरिष्ठ माणसाला ‘तुम्ही’ म्हणायचं तर त्ल्हिख़ (अनेकांना म्हणायचं ‘तुम्ही’) चालतं का?

मांजराकाठ (लातूर)

पहिलं बरोबर, बाकीची तीन चूक.

पहिल्यात पू’ नसता तरी भागलं असतं. लोष पूक़ म्हणा नाहीतर लोष पूक़पू’, दोन्ही शुद्ध. आकडा मात्र नामाच्या आधीच ठेवा. मागं गेला की तो क्रमांक होतो: लोष डूज म्हणजे चार जहाजं, डूज लोष म्हणजे चार नंबरचं जहाज.

मराठी माणसानं यात गोंधळायचं कारण नाही. एक बैल आला, चार बैल आले. ‘बैल’ जागचा हलला का? वचन क्रियापदानं सांगितलं. क्लिंगॉनमध्ये कुठलंही नाम असं वागू शकतं. याष मोजपू’ चाख़ म्हणजे ‘ते अधिकारी झालेत’. याषला प्रत्यय नाही, ‘ते’ हे चाख़नं कळलं. चाख़ बोलू शकणाऱ्यांसाठी, बाकीच्यांसाठी बिख़.

दुसऱ्यात प्रत्यय चुकला. अवयवाला डू’ लागतो: क़ामडू’, मिनडू’ (डोळे), ग़ोपडू’ (हात). ज्याला भाषा बोलता येते त्याला पू’, उरलेल्या सगळ्याला मेय. आता गंमत बघा. बोलणाऱ्याला मेय लावला तर ती चूक धरत नाहीत, अर्थ बदलतो. पूक़पू’ म्हणजे लेकरं. पूक़मेय म्हणजे जत्रा सुटल्यावर मैदानभर पांगलेली लेकरं. अवयवाला मात्र मेय चालत नाही. क्लिंगॉन कवी तो नियम मुद्दाम मोडतात, पण तुमचं क़ाममेय वाचून इकडंतिकडं विखुरलेले पाय डोळ्यांपुढं येतात.

तिसऱ्यात दोन चुका आहेत. चा हे मुळातच अनेकवचन, त्याला मेय लागतच नाही. एक टॉर्पेडो म्हणजे पेङ. अशा जोड्या पाठच कराव्या लागतात, कारण रूपावरून पत्ता लागत नाही: माङ (सैनिक) – नेग़, डोष (नेम धरायचं लक्ष्य) – राय’, जेङवा’ (ताट) – ङोप, क़ेम्पा’ (पूर्वज) – नो’.

दुसरी चूक तिग़ूषमध्ये आहे. आज्ञार्थात कर्म एक असेल तर यि, अनेक असतील तर ति. चाचा अर्थ अनेक, पण व्याकरण त्याला एकच धरतं. शिपाई कितीही असोत, आपण ‘फौज आली’च म्हणतो ना, तसं. म्हणून चा यिग़ूष. हे ही भाषा रचणाऱ्या मार्क ओक्रँडच्या १९८५ च्या कोशातलंच उदाहरण आहे. पेङमेय तिग़ूषही शुद्ध आहे, पण मग टॉर्पेडो ठिकठिकाणी पांगलेले आहेत असं होतं.

बालाघाट (बीड)

चौथ्याचं मी सांगतो, नवशिके इथंच जास्त अडकतात.

लू हा उपसर्ग ‘अनेकवचनी कर्ता’ एवढ्यावर लावायचा नसतो. करणारे अनेक आणि कर्म एकच, ही एकच जुळणी त्याची. तुमच्या वाक्यात लेकरंही अनेक, तेव्हा उपसर्गच नको: पूक़पू’ लेग़ याषपू’. कर्म नसेल तरी लू नाही: मेज पूक़पू’, लेकरं निघून जातात.

याचा फायदाही आहे. पूक़ लूलेग़ याष, यात अनेकवचनाचा प्रत्यय एकही नाही, तरी अधिकारी अनेक अन् लेकरू एकच, याबद्दल शंका राहत नाही. उलट पूक़ लेग़ याष म्हटलं तर तीन अर्थ निघतात: एकानं एकाला, एकानं अनेकांना, अनेकांनी अनेकांना. अशा जागी पू’ लावाच. मुळात प्रत्यय ऐच्छिक आहे म्हणजे लावूच नये असं नाही. अर्थ अडला की लावायचा.

आता वरचं चा इथं घाला. ‘अधिकारी टॉर्पेडो पाहतात’ कसं म्हणाल? चा लूलेग़ याषपू’. इथं लू हवाच, कारण चा व्याकरणात एकवचनी.

गोदाकाठ (परभणी)

मोजपू’ मधला पू’ कुठला मग? मोज तर क्रियापद आहे. अन् त्ल्हिख़चं राहिलं.

बालाघाट (बीड)

तो वेगळा पू’. क्रियापदावर आला की क्रिया पूर्ण झाली असा अर्थ, अनेकवचनाशी संबंध नाही. आधी शब्द नाम आहे की क्रियापद ते बघा. डू’चंही तसंच: सुटा आला तर तो प्रत्यय नाही, त्याचा अर्थ शेत. शेतं म्हणायचं तर डू’मेय.

त्ल्हिख़ आदरार्थी चालत नाही, ते फक्त खरोखरच्या अनेकांना. समोर एकटा अधिकारी असताना षालेग़ म्हणालात, तर ‘मी तुम्हा सगळ्यांना पाहतो’ असं होईल आणि तो मागं वळून बघेल. एकाला क़ालेग़. आदर क्रियापदाला नेष जोडून दाखवायचा: क़ालेग़नेष, म्हणजे ‘तुमचं दर्शन घडलं, धन्य झालो’ याच्या जवळपास.

गोदाकाठ (परभणी)

‘तुझ्या लेकरांच्या पायांवर’ असं केलंय: पूक़पू’लिज क़ामडू’डाक़. क्रम बरोबर आहे का?

मांजराकाठ (लातूर)

क्रम बरोबर. आधी वचन, मग मालकी, शेवटी स्थळ; अन् ज्याचे पाय तो आधी. लिज तेवढं बदला. बोलणाऱ्यांना ‘तुझा’ म्हणजे लि’, म्हणून पूक़पू’लि’. डूजमेयलिज (तुझी जहाजं) ठीक, कारण जहाज बोलत नाही. लेकरांना लिज लावलं तर व्याकरण खपवून घेतं, पण समोरच्याला तो अपमान वाटतो. जोख़ म्हणजे स्वामी. त्याला लिज लावणं तर जवळपास निषिद्धच.