२६ जानेवारीच्या सत्काराचं नक्की काय ठरलं?

स्नेहल (सी-५०४): नोटीस बोर्डावरची यादी वाचली. 'आरोग्यसेवेतील मान्यवरांचा सत्कार'. डॉक्टरसाहेब, फिजिओथेरपीवाल्या मॅडम आणि तिसरे चक्क आपले चेअरमन, कारण रक्तदान शिबिराला मंडप त्यांनी दिला. आशाताई कुठे आहे यात? मागच्या मीटिंगला मी नाव घेतलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

सेक्रेटरी: नमस्कार. यादी तात्पुरती आहे. सूचनांचे स्वागत. 🙏

बेलसरे काका (ए-१०२): शाल-श्रीफळाचा खर्च कुठल्या हेडमधून? सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही, आधीच सांगून ठेवतो.

चेअरमन: मंडपाचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. कमिटीने परस्पर नाव घातलं. काढायचं तर काढा.

स्नेहल (सी-५०४): काढा.

निंबाळकर (बी-२०३): नावं वाढवू नका हो. झेंडावंदनानंतर भाषणं सुरू झाली की जिलबी गार होते. गेल्या वर्षीचा अनुभव आहे.

डॉक्टर वहिनी (ए-७०१): कोविडमध्ये डॉक्टर रात्री दोनला सुद्धा फोन उचलत होते, एवढं लक्षात असू द्या. बाकी कुणाचाही सत्कार करा, आमची ना नाही.

स्नेहल (सी-५०४): वहिनी, डॉक्टरांना कोण काय बोललं?

डॉक्टर वहिनी (ए-७०१): कुणीच नाही. म्हणूनच म्हटलं.

पराग (सी-५०१): पण आशाताई सरकारी नोकरीतच आहे ना? पगार घेऊन काम करणाऱ्याचा सत्कार करायचा तर मग वॉचमनचाही करा.

मनीषा (बी-४०१): नोकरी नाही आणि पगारही नाही. सरकार त्यांना स्वयंसेविका म्हणतं, जसं काम तसा मोबदला. २०२४ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानात बसल्या होत्या त्या कशाला, हवा खायला? माझी वहिनी गावाकडे आशा आहे. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचं. बाळाचं वजन, ताप, अंगावर पितंय की नाही, सगळं बघून लिहायचं. सहा फेऱ्यांचे मिळून २५० रुपये.

निंबाळकर (बी-२०३): एका फेरीचे २५० का?

मनीषा (बी-४०१): मिळून लिहिलंय काका. चष्मा लावा.

पराग (सी-५०१): ठीक आहे, हे माहीत नव्हतं. पण शिस्त नको का? मागच्या पोलिओला माझ्या दाराशेजारी नव्या रंगावर खडूने भला मोठा 'एक्स' काढून गेली. पुसला तरी डाग दिसतो.

मनीषा (बी-४०१): 'एक्स' म्हणजे त्या घरातलं मूल राहिलं, परत यायचं. सगळ्यांना थेंब मिळाले की 'पी' लिहितात. दार उघडलं असतंत तर 'पी' मिळाला असता.

कुणाल (सी-३०३): पराग सर नापास 😂😂

पराग (सी-५०१): भर दुपारी झोपेच्या वेळी बेल वाजवायची म्हणजे काय? असो. विषय भलतीकडे जातोय.

बेलसरे काका (ए-१०२): विषयावरच येतो. शालीचे पैसे कुठल्या हेडमधून?

स्नेहल (सी-५०४): त्याच दिवशी तिला गेटवर वीस मिनिटं उन्हात उभं केलं होतं. खांद्याला लशीची पेटी, आत बर्फ. वर सोडायचं की नाही हे विचारायला वॉचमनने चार जणांना फोन केले. मग सर्व्हिस लिफ्ट बंद आणि मोठ्या लिफ्टने जायचं नाही, म्हणून सी विंगचे सात मजले जिन्याने. मी दार उघडलं तर बोलायला दम नव्हता तिला.

सेक्रेटरी: वॉचमनचा दोष नाही. 'विक्रेते व तत्सम व्यक्तींनी सर्व्हिस लिफ्टच वापरावी' हा ठराव मागील सभेत एकमताने झाला आहे.

स्नेहल (सी-५०४): ती 'तत्सम' का?

माळी आजोबा (ए-००१): हडपसरात राहता म्हणून सांगतो. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई आणि त्यांच्या डॉक्टर मुलाने, यशवंतरावांनी, दवाखाना उघडला तो इथेच, ससाणे मळ्यात. मुंढव्याहून आजारी पोराला पाठीवर घेऊन आल्या. पोरगं वाचलं. बाईंना लागण झाली आणि १० मार्चला गेल्या. त्यांना कुठली लिफ्ट दिली असती आपण?

कुणाल (सी-३०३): आजोबा 🙏 आत्ताच शोधलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांहून जास्त आशांना पुरस्कार दिलाय.

बेलसरे काका (ए-१०२): मग आपल्या शालीवाचून काय अडलंय? तेवढाच खर्च वाचला.

निंबाळकर (बी-२०३): पोलिओ राहू द्या, आपल्या बी विंगमध्ये ती दर आठवड्याला कुणाकडे जायची, हे
_हा मेसेज डिलीट केला आहे_

वैशाली (बी-६०४): वाचला मी. माझ्याकडे यायची. टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स होता, संपला. दर आठवड्याला येऊन गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजायची, मी कंटाळले की ओरडायची. या ग्रुपवर कुणालाही कळलं नव्हतं, कारण ती कुणाजवळ बोलली नाही. तुम्ही मात्र बोललात.

निंबाळकर (बी-२०३): तसा उद्देश नव्हता ताई. चुकून गेला मेसेज.

डॉक्टर वहिनी (ए-७०१): वैशाली, फोन करते तुला.

बेलसरे काका (ए-१०२): शालीचे १००० मी देतो. हेडचा प्रश्न मिटला. पावती मात्र हवी.

सेक्रेटरी: काकांचे आभार. सन्मानपत्र आज छापायला द्यायचे आहे. ताईंचे पूर्ण नाव कुणी कळवेल का?

पराग (सी-५०१): आशा. आडनाव माहीत नाही.

मनीषा (बी-४०१): अहो, आशा हे पदाचं नाव आहे!

सेक्रेटरी: गेटचे रजिस्टर पाहिले. सात नोंदी आहेत. नावाच्या रकान्यात सातही वेळा 'पोलिओवाली बाई'. स्नेहल मॅडम, आपल्याला माहीत असेल?

स्नेहल (सी-५०४): नाही. मीही ताईच म्हणते.

वैशाली (बी-६०४): मला माहीत आहे. पण आधी तिला विचारते, यायचं आहे का. ग्रुपवर नाव टाकणार नाही.

वैशाली (बी-६०४): विचारलं. २६ ला सकाळी जमेल म्हणाली. शाल आणू नका, तीन पडून आहेत घरी. त्यापेक्षा पुढच्या फेरीला मोठी लिफ्ट चालेल का, असं विचारतेय.

सेक्रेटरी: ठराव बदलण्यासाठी विशेष सभा बोलवावी लागेल.

बेलसरे काका (ए-१०२): लिफ्टला पैसे लागत नाहीत, सभा कसली घेताय? माझी संमती लिहून घ्या.

पराग (सी-५०१): माझीही.

निंबाळकर (बी-२०३): माझी पण. आणि जिलबी किती किलो सांगायची?