मदत हवी आहे : मलाही कोंडा, कुत्रीलाही कोंडा. एकमेकांचा लागतो का?

नमस्कार मंडळी. राहायला कोथरूड, नोकरी हिंजवडीत, म्हणजे रोज दोन-अडीच तास डोक्यावर हेल्मेट. थंडीत कोंडा दरवर्षीच होतो. यंदा मात्र भुवयांत, नाकाच्या कडेला, कानांमागे लाल चट्टे आणि वर पिवळट, तेलकट पापुद्रे. डॉक्टरांनी सेबोरिक डर्मटायटिस सांगितलं. २ टक्के कीटोकोनॅझोलचा (बुरशीनाशक) शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं तसाच ठेवायचा. मी आजवर लावला की लगेच धुवायचो आणि वर ‘गुण येत नाही’ म्हणून बोंबलायचो.

आता आमची कुत्री जिलबी. कॉकर स्पॅनिअल, वय सहा. पाठीवर हात फिरवला की माझ्या काळ्या ट्रॅकपँटवर भुसा पडतो. काखा मेणचट, कानांना शिळ्या ताकासारखा वास. वर्षभरात सुटलीयही बरीच, खाणं तेवढंच असून. आई म्हणते, "तुला तिचंच लागलंय, आधी तिला पलंगावरून उतरव." आणि हीच आई दर रविवारी वाटीभर कोमट खोबरेल घेऊन माझ्या मागे. बायकोच्या मते मीच जिलबीला दिलं.

एक मूर्खपणा कबूल करतो : घरातला साधा शाम्पू तिला लावला. दुसऱ्या दिवसापासून जास्तच खाजवतेय. आता टी ट्री ऑइल मागवावं म्हणतोय. कुणाला अनुभव?

रानमोगरा : टी ट्री अजिबात नको! कुत्र्यांना विषारी आहे, ती चाटणार म्हणजे पोटातही जाणार. माणसांचा शाम्पूही नको, त्यांच्या त्वचेचा पीएच वेगळा. आणि लागण म्हणाल तर तुमचा आजार संसर्गजन्य नाही. कोंड्यामागचं मॅलसेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक बुरशी, सगळ्यांच्याच अंगावर असतं, त्वचेच्या तेलावर जगतं. कुत्र्यांवर बहुधा त्याची वेगळी जात असते. खोबरेल थापणं म्हणजे त्याला पंगतीला बसवणं, आईंना सांगा.

जुना_पेठकर : पण आई अगदीच चूक नाहीत हो. कोंड्यासारखी दिसणारी एक किडही असते, आणि गजकर्ण. दोन्ही कुत्र्याकडून माणसाला येतात. घरात कुणाच्या हातांवर, पोटावर खाजरे लाल पुरळ आहेत का? व्हेटकडे त्वचा खरवडून आणि टेप लावून नमुना तपासून घ्या. कॉकरमध्ये सेबोरिया (तेलकट त्वचा, कोंडा) त्या जातीतच जन्मजात असू शकतो, पण अनेकदा मुळाशी ॲलर्जी किंवा थायरॉइड निघतो. खाणं तेवढंच आणि वजन वाढतंय, म्हणजे थायरॉइड तपासाच. आमच्याकडे यीस्ट निघालं तेव्हा क्लोरहेक्सिडीन-मायकोनॅझोलचा शाम्पू दिला होता, आठवड्यातून दोनदा, फेस दहा मिनिटं.

धागाकर्ता : पुरळ कुणालाच नाही. शनिवारची अपॉइंटमेंट घेतली, रक्तही तपासतो. आईनं वाटी ठेवून दिलीय, चेहरा पाडून. पण ही बया दहा मिनिटं ओली थांबणार कशी? मागच्या वेळी साबणासकट सोफ्यावर!

रानमोगरा : बाथरूमच्या टाइलवर, तिच्या नाकाच्या उंचीवर साधं दही फासा आणि दार लावून घ्या. चाटत उभी राहते.

धागाकर्ता : बायको विचारतेय, माझ्या पाच मिनिटांसाठी टाइलवर काय फासायचं.